भात शिजेपर्यंतची प्रार्थना

आमच्या घरात देवाशी बोलायचं ते मोठ्याने. मनातल्या मनात केलेली प्रार्थना आईच्या लेखी प्रार्थनाच नव्हती, ती आळशी माणसाची पळवाट होती. संध्याकाळी पप्पा पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यातून आले, हातपाय धुऊन चहा झाला, की हॉलमध्ये सतरंजी पडायची. एक गीत, शास्त्रातला एक उतारा, आणि मग लहानापासून सुरुवात करून प्रत्येकाने प्रार्थना करायची. लहान मी एकटीच. माझी प्रार्थना बारावीच्या परीक्षेपुरती असायची. पप्पा कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, त्यामुळे त्यांची प्रार्थनाही मालाची तपासणी चालल्यासारखी व्हायची, आलं काय, गेलं काय, शिल्लक काय. घरधनी म्हणून शेवट त्यांनी करायला हवा होता. पण आईनंतर देवाकडे मागण्यासारखं काही उरतच नसे, म्हणून शेवट आईचा.

आई नगरकडची, खेड्यातल्या पाळकाची मुलगी. तिचा आवाज उघड्यावरच्या सभांमध्ये तयार झालेला. चर्चच्या मंडळीत कुणाचं ऑपरेशन असलं, कुणाच्या मुलीचं जमत नसलं, की पाळकसाहेब आईला उभं करायचे. ती पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली की मागच्या बाकावरची चुळबुळ थांबायची. तिच्या प्रार्थनेत माणसं नावानिशी यायची, त्यांच्या आजारासकट, कर्जासकट आणि कधीकधी त्यांच्या चुकांसकट. लोकांना अवघडायला व्हायचं, तरी उपासना संपली की तेच लोक रांगेने येऊन 'सलाम बाई, आमच्यासाठी पण करा' म्हणायचे. आईला याचा थोडा अभिमान होता. थोडा कशाला, चांगलाच होता.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही भायखळ्याची खोली सोडून नेरूळला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन घरं. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराची खिडकी मागच्या डक्टमध्ये उघडणारी. डक्ट म्हणजे वरपासून खालपर्यंत गेलेली एक उभी पोकळी. त्यात पाइप, कबुतरं आणि वरच्यांनी टाकलेला कचरा. आमच्याकडून त्यात कोणी डोकावत नसे.

वर्षभराने समोरच्या घरात दोघं भाडेकरू आले. थोरला चाळिशीकडे झुकलेला, सातारकडचा, पावण्यालाच एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगं काढायचा. बोलायचा कमी. धाकटा तिशीच्या आतला, टीव्ही दुरुस्त करणारा, आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. तो इथलाच, पलीकडच्या करावे गावातला, खाडीत जाळी टाकणाऱ्या घरातला. सोसायटीत त्यांनी मामेभाऊ-आतेभाऊ असं सांगितलं होतं. एकजण 'आलोय की' म्हणायचा आणि दुसरा 'आयलो', हे कसले मामेभाऊ, असा प्रश्न कुणालाही पडायला हवा होता. पण आमच्या सोसायटीला पार्किंग आणि पाण्यापलीकडे प्रश्न पडत नसत.

धाकट्याने आईला पहिल्या आठवड्यातच मावशी केलं. दर रविवारी सकाळी तो गावात आईकडे जायचा आणि आम्ही उपासनेहून येईपर्यंत पिशवी घेऊन दारात उभा असायचा. कधी कोळंबी, कधी चिंबोऱ्या, पावसाळ्यात निवट्या. देशावरच्या आईला सुके बोंबील आणि सुकट एवढंच काय ते ठाऊक. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या पहिल्यांदा बघून ती किंचाळली होती. त्याने आमच्या ओट्याशी उभं राहून त्या राखेत चोळून साफ कशा करायच्या ते तिला शिकवलं. 'माझे आयशीच्या हातच्या खाल तर बोटं चाटाल,' म्हणायचा. त्याच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी आयस यायची. वडील लहानपणीच गेलेले. आईने माशांची पाटी डोक्यावर घेऊन तीन मुलांना वाढवलं, आणि हा सगळ्यात धाकटा, तिचा लाडका. घरात भावांची बायकापोरं, झोपायला जागा नाही, म्हणून वेगळी खोली केली, असं त्याने आयशीला सांगितलं होतं.

मासे असे घरपोच मिळायला लागल्यावर आईला मासेवालीची गरज कधी पडलीच नाही. हे सांगून ठेवते, कारण पुढे सगळं याच्यावर आलं.

रविवारी दुपारी ते दोघं आमच्याकडेच जेवायचे. जेवणाआधी पप्पा आभार मानायचे तेव्हा थोरला मान खाली घालून गप्प बसायचा, आणि धाकटा एक डोळा उघडा ठेवून पप्पा कधी संपवतात त्याची वाट बघायचा. शेवटचा 'आमेन' त्याचा सगळ्यात मोठा. आई हसायची. मला वाटतं, मी होते तरी तिला मुलगा हवा होता, आणि तो तिला मासे साफ करताना सापडला.

मग साहजिकच तिने लग्नाचं काढलं. वय होत चाललंय, आईला सून आण, मी येते मुली बघायला. तो हसून टाळायचा. एका दुपारी आई आणि तो ओट्याशी कोळंबी सोलत होते, मी हॉलमध्ये पुस्तक उघडून बसले होते. आईने पुन्हा विषय काढला.

"मावशी, माझं झालंय," तो म्हणाला.

"काय झालंय?"

"लगीन. माझ्यासंगं ऱ्हातो ना, त्याच्याशी."

आईला वाटलं चेष्टा करतोय. ती हसली. तो नाही हसला. मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही, पण त्यानंतर त्या दिवशी मला काही वाचता आलं नाही. थोड्या वेळाने तो रडत होता हे कळलं. "कुनाला सांगू नका. सोसायटीला कललं तर बिऱ्हाड उचलू, दुसरीकडं जाऊ. पन माझे आयशीला कलता कामा नये. दादांना कललं तर मारतील, त्याचं काय नाय. आयस दार लावंल, मावशी. मना दुसरं कोन हाय?"

आईने त्याला शब्द दिला. कुणालाही सांगणार नाही म्हणाली. आणि तिने कुणालाही सांगितलं नाही. देव सोडून.

त्या संध्याकाळी तिने सतरंजी हॉलमधून उचलून स्वयंपाकघरात टाकली. पुढचं दार बंद केलं, हॉलच्या खिडक्या लावल्या. समोरच्या घरात आवाज जायला नको, लेकरांना वाईट वाटेल, एवढाच तिचा विचार होता. त्यांचं स्वयंपाकघर पलीकडच्या बाजूला होतं, त्यामुळे आमच्या मागच्या खिडकीची तिला काळजी वाटली नाही. शिवाय गॅसवर भात ठेवून प्रार्थनेला बसता येत होतं. कुकर नाही, पातेल्यात. देवाशी बोलताना मध्ये शिट्टी नको म्हणून. भात शिजेपर्यंत प्रार्थना, असा नवा नेम पडला.

पप्पांना ते आईच्या प्रार्थनेतूनच कळलं. तिने प्रभूला सगळं सांगितलं, त्यांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे बघत राहिले. मला दिसलं, कारण माझेही उघडेच होते. आमेन झाल्यावर ते म्हणाले, "आणि अशा माणसांना तू रविवारी ताट वाढतेस?"

"वाढते. आशीर्वाद नाही देत, आमटी-भात देते."

"शास्त्र स्पष्ट आहे."

"स्पष्टच आहे. मी कुठं नाही म्हणते? पाप आहे ते पाप आहे. पण जेवायला बसवू नका असं कुठं लिहिलंय, तेवढं दाखवा."

पप्पा चष्मा लावून बसले. ते मंडळीच्या पंचांपैकी एक होते, त्यांना शास्त्र कळत होतं. दोन दिवसांनी त्यांना ती जागा सापडली आणि त्यांनी ती आईला वाचून दाखवली. अशा माणसाबरोबर जेवूही नका, असं तिथे सरळ लिहिलेलं होतं. आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं न थांबवता सांगितलं की ते मंडळीतल्या, स्वतःला भाऊ म्हणवणाऱ्या माणसाबद्दल आहे. बाहेरच्यांचा न्याय देवाकडे आहे, हे पुढेच लिहिलंय, तेही वाचा. पप्पांनी पुढचं वाचलं, चष्मा काढला आणि पुढच्या रविवारी दोघांसाठी पाट त्यांनीच मांडले.

हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर ज्यांनी आमच्या घराबद्दल ऐकलं त्यातल्या अर्ध्यांना वाटलं आम्ही कडक, आणि अर्ध्यांना वाटलं आम्ही ढिले. आम्ही दोन्ही नव्हतो. आईला खरोखर वाटायचं की ती दोघं चुकत आहेत, आणि तिला खरोखर वाटायचं की धाकट्याने अजून एक पोळी खावी. तिच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण नव्हतं. भांडायला लागले ते आम्ही, तिच्या आजूबाजूचे.

सुरुवातीला ती मोघमच प्रार्थना करायची, 'समोरच्या त्या दोघांना तुझा मार्ग दाखव' वगैरे. मग मंडळीत तीन दिवसांची उपवास-प्रार्थना झाली. बाहेरगावहून आलेले एक उपदेशक होते, घसा बसेपर्यंत बोलणारे. त्यांनी सांगितलं की मोघम प्रार्थना म्हणजे पत्ता न घातलेलं पाकीट, ते पोचणार कुठे? माणसाचं नाव घ्या, पापाचं नाव घ्या, नाव घ्यायला लाजता तर देवापुढे तरी का येता? आई मान डोलवत होती. तिला हे पहिल्यापासूनच पटलेलं होतं. फक्त या एका बाबतीत ती कचरली होती, आणि आता तिला वाटलं की आपण कचरलो म्हणूनच काही घडत नाहीये.

त्या दिवसापासून तिने धाकट्याचं नाव घ्यायला सुरुवात केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. करावे गावचा, अमक्याचा मुलगा, पुरुष असून पुरुषाशी संसार मांडून बसलाय, प्रभू, त्याला सोडव. त्याला त्याच्या आईसाठी सोडव, ती विधवा आहे, तिला त्याच्याशिवाय कोण आहे. त्याच्या आईचंही नाव घ्यायची. डोळे मिटून, गॅसकडे पाठ आणि खिडकीकडे तोंड करून, हात पसरून. मोठ्याने. बोलता बोलता रडायची. त्या प्रार्थनेत तिच्या जिवाचं पाणी व्हायचं, हे मी पाहिलेलं आहे. ढोंग तिच्यात नव्हतं. ढोंग असतं तर आवाज कमी राहिला असता.

खाली डक्टच्या तळाशी एक नळ होता. संध्याकाळी दुसऱ्या भरतीचे मासे घेऊन करावे गावातून एक मासेवाली आमच्या इमारतीत यायची. बायका खाली जाऊन मासे घ्यायच्या आणि ती त्या नळावर बसून साफ करून द्यायची. आई सोडून सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी धाकटा पिशवीशिवाय आला. आम्ही उपासनेहून येऊन कपडेही बदलले नव्हते. त्याचा एक डोळा सुजलेला, शर्टाची बटणं तुटलेली. थोरला त्याच्या मागे उभा होता. आई "काय झालं रे लेकरा" म्हणत पुढे झाली तर तो मागे सरकला.

"मावशी, तुमी सांगितलंत?"

आमच्यात शपथ घेत नाहीत. आईने हात छातीवर ठेवला. "मी एका शब्दानं कुणाशी बोलले नाही."

"मासेवालीनं आईकलंय. तुमच्या तोंडून. खालच्या नलावर."

आईला कळेना. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग थोरल्याकडे. थोरल्याने फक्त आमच्या स्वयंपाकघराकडे बोट केलं. आई वळली, स्वयंपाकघरात गेली, खिडकीशी उभी राहिली आणि पहिल्यांदाच खाली वाकून बघितलं. मी तिच्या मागे गेले होते. तळाशी नळ ठिबकत होता, आणि ओल्या फरशीवर खवले चिकटलेले होते.

त्याला भावांनी मारलं होतं, पण ते तो सांगतही नव्हता. आयशीने दार लावून घेतलं, एवढंच सांगत होता. आतून कडी घातली आणि बोलली नाही. हा उन्हं वर येईपर्यंत ओसरीवर बसला होता.

तीन-चार दिवसांनी संध्याकाळी थोरला एकटा आला. तो आमच्याकडे एवढं बोलला ते तेव्हाच. "काका, तो जेवत नाही," तो पप्पांना म्हणाला. "त्याची म्हातारी अजून अर्धी विश्वास ठेवून हाय, अर्धी न्हाई. मासेवालीचं एकवेळ ऐकायची न्हाई, पण तुमचं ऐकंल. तुम्ही दोघं एकदा चला. एवढंच सांगा, की त्या बाईनं काहीतरी चुकीचं ऐकलं. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललं होतं म्हणा."

पप्पा म्हणाले, "मला खोटं बोलता यायचं नाही."

"खरं बोलून बघितलं की तुम्ही," थोरला म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तो थकला होता. पप्पांनी मान खाली घातली. आई आतून आली आणि म्हणाली, "मी येते." पप्पा तिच्याकडे बघायला लागले. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही.

आम्ही तिघं गेलो. आईने माझा हात जो घरातून निघताना धरला तो गावात पोचेपर्यंत सोडला नाही. ते दोघं आमच्याबरोबर आले, पण गावाच्या अलीकडे खाडीच्या बांधावर थांबले. घर बैठं होतं, पुढे ओसरी, खुंट्यांवर वाळत टाकलेली जाळी. म्हातारी ओसरीवर बसली होती, गुडघ्यापर्यंत लुगडं, हातात फाटक्या जाळ्याचं टोक. आम्ही कोण हे तिला सांगावं लागलं नाही. तिने बसायला सांगितलं नाही, पाणीही विचारलं नाही. पप्पांनी सुरुवात केली, "ताई, मुलगा तुमचा आहे. माणूस कितीही चुकला तरी..." तिने हात वर करून त्यांना थांबवलं. मग आईकडे बघितलं. तिचे डोळे अगदी त्याच्यासारखे होते, हे मला तेव्हाच दिसलं.

"बाय, तू देवाची मानूस," ती म्हणाली. "माझा पोर सांगं, तू कंदी खोटा बोलत नाय. मना येकच सांग. खरा हाय का खोटा?"

आई काय ठरवून आली होती हे मला आजही ठाऊक नाही. वाटेत ती एक शब्द बोलली नव्हती. मला वाटतं, खोटं बोलायचं ठरवूनच ती आली होती. आयुष्यातलं पहिलं. पण म्हातारीने तिला ज्या शब्दांत विचारलं, तिथे तिची जीभ अडली. आपण खरं बोलतो म्हणून आपल्याला विचारलंय, आणि तिथेच खोटं बोलायचं, हे तिला जमेना. मग म्हणाली, "तो फार चांगला मुलगा आहे हो."

"ता मना सांगू नको. माझे पोटचा हाय."

आईने मान खाली घातली. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली, बघून घेतलं, आणि जाळ्याचं टोक खाली ठेवून उठली. "जा आता," म्हणाली. आत गेली. कडी वाजली ती आम्हीही ऐकली.

बांधावर धाकटा आमची वाट बघत उभा होता. त्याने आईचा चेहरा पाहिला आणि काही विचारलं नाही. उलट तिला म्हणाला, "मावशी, खाली बघून चाला, चिखल हाय."

त्या संध्याकाळी पप्पांनी सतरंजी टाकली, पुन्हा हॉलमध्ये. भात गॅसवर होता. मी प्रार्थना केली, पप्पांनी केली, मग आईची पाळी. ती डोळे मिटून बसली. आम्ही थांबलो. भात शिजला, मग करपायला लागला, वास हॉलपर्यंत आला, तरी ती हलेना. शेवटी पप्पा उठून गॅस बंद करून आले आणि त्यांनीच आमेन म्हटलं.

त्यानंतर आई कधीच मोठ्याने बोलली नाही देवाशी. मंडळीत पाळकसाहेबांनी दोनदा तिचं नाव पुकारलं. दोन्ही वेळा ती उठली, पदर घेतला, उभी राहिली आणि तशीच खाली बसली. लोकांना वाटलं घसा गेला. कुणी हळदीचं दूध सांगितलं, कुणी डॉक्टर.

मी आजही त्याच मंडळीत जाते. हल्ली आमच्याकडे या विषयावर चर्चा होतात, अशा शेजाऱ्यांशी विश्वासी माणसाने कसं वागावं म्हणून. तरुण मुलं तावातावाने बोलतात, कुणी म्हणतं वचन बदला, कुणी म्हणतं शेजार बदला. मला दोघांचाही राग येतो. आईने वचन बदललं नाही आणि शेजारही बदलला नाही, तरी तिच्या हातून जे झालं ते झालं. प्रेम कमी पडलं असंही मी म्हणू शकत नाही. मी अशा वेळी चहाचे कप उचलायला उठते.

घरमालकाने तेव्हा समोरच्या दोघांना महिनाअखेरीस जागा सोडायला सांगितली. इमारतीत तोवर सगळ्यांना सगळं ठाऊक झालं होतं, आणि जिन्यात मुलं शिट्ट्या मारायची. पप्पा सोसायटीच्या ऑफिसात जाऊन भांडून आले. "त्यांचं पाप मला मान्य नाही, पण त्यांना रस्त्यावर काढणं हेही मला मान्य नाही," असं त्यांनी तिथे सांगितलं. कुणाला काही कळलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, "तुमीच तर घरात रोज बोलत होता ना साहेब?" पप्पा परत आले ते थेट बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धुत बसले.

थोरल्याने उरणजवळ द्रोणागिरीकडे एका गोदामात नोकरी धरली होती. सकाळी टेम्पो आला. दोन गाद्या, एक कपाट, टीव्हीच्या सुट्या भागांची खोकी, एवढंच सामान. आई खाली उतरली होती, हातात डबा, त्यात पुरणपोळ्या. थोरल्याने डबा घेतला, पप्पांशी हात मिळवला, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

धाकटा आईसमोर उभा राहिला. इतक्या दिवसांत तो तिच्याशी नीट बोलला नव्हता. वाळला होता.

"मावशी, प्रार्थना करा ना माझ्यासाठी," तो म्हणाला.

आई त्याच्याकडे बघायला लागली. तिला वाटलं तो तिला घालूनपाडून बोलतोय. पण तो तसं बोलत नव्हता. त्याने मान खाली घातली, आमच्याकडे पाटावर बसल्यावर घालायचा तशी. दोन्ही डोळे मिटले.

"करा. मोठ्यानं करा," म्हणाला. "आता कोन आईकायचं ऱ्हायलंय?"

आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे ओठ हलायला लागले. मी शेजारीच उभी होते, पप्पाही होते, पण आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आवाज येत नव्हता. तो डोळे मिटून वाट बघत राहिला. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला. आईचे ओठ हलायचे थांबले, तरी तिचा हात तसाच होता.

मग तोच "आमेन" म्हणाला आणि टेम्पोत चढला.